एका ढिगात आलेल्या लाल-हिरव्या पेशी पुन्हा वेगळ्या का झाल्या?

तुमच्या पोस्टमधला प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय की नाही ते कळेल.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम या स्लाइम मोल्डच्या दोन स्ट्रेन (म्हणजे एकाच जातीचे दोन वाण) घेतल्या. एक प्रयोगशाळेतली नेहमीची एएक्स४, तिच्यात लाल चमकणारं प्रथिन. दुसरी गाइडनी मागवलेली रानटी, तिला तुम्ही हिरवा डाय लावला. दोन्ही धुऊन, उपाशी ठेवून, एकास एक प्रमाणात मिसळून अगरवर, म्हणजे प्लेटमधल्या जेलीवर, पसरल्या. आठ तासांनी त्या एकाच ढिगात छान मिसळलेल्या दिसल्या. बारा-तेरा तासांनी बघता तर लाल एकीकडे, हिरव्या दुसरीकडे. गाइड म्हणतात, एक स्ट्रेन जास्त चिकट आणि दुसरी कमी, त्यामुळे वेगळ्या होणारच. लॅबमधला सिनियर म्हणतो, छे, ही तर टायगर जनुकं, आपलं-परकं ओळखणारी. आणि तुम्हाला मुळात हे कोडं पडलंय की चिकटणारी प्रथिनं ‘जोडी जमवतात’ म्हणजे दोन सारखी प्रथिनं एकमेकांना धरतात की दोन वेगळी.

गाइड आणि सिनियर दोघेही अर्धे बरोबर आहेत. त्यांचं भांडण खरं नाही, कारण त्यांनी एकाच वाक्याचे दोन तुकडे धरून ठेवलेत. तुमचा शेवटचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो सुटला की भांडण आपोआप मिटतं. म्हणून तिथूनच सुरू करते.

त्याआधी एक खुलासा, इतर वाचणाऱ्यांसाठी. पावसाळ्यात आरेच्या जंगलात किंवा नॅशनल पार्कात कुजक्या ओंडक्यावर पिवळाधमक, जाळीदार थर दिसतो, तो वेगळा स्लाइम मोल्ड. तिथे असंख्य केंद्रकं असलेली एकच अवाढव्य पेशी असते, त्यामुळे पेशीनं पेशीला चिकटायचा प्रश्नच येत नाही. आपण बोलतोय ते मातीत सुटे सुटे राहून जिवाणू खाणाऱ्या अमीबांबद्दल. खाणं संपलं की ते एकत्र येतात, सुमारे एक लाखापर्यंत पेशींचा ढीग होतो, त्याचा सरपटणारा स्लग होतो आणि उपासमार सुरू झाल्यापासून चोवीस तासांच्या आसपास देठावर बीजाणूंचा गोळा उभा राहतो. देठात जाणाऱ्या साधारण वीस टक्के पेशी मरतात. बाकीच्या बीजाणू होऊन तगतात. हा मरणाचा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुमच्या निरीक्षणाचा पहिला भाग. आठ तासांनी दोन्ही स्ट्रेन मिसळलेल्या का होत्या? कारण एकत्र येण्याची हाक दोघींची एकच आहे. ती हाक म्हणजे सायक्लिक एएमपी. हे १९६७ साली कळलं. उपाशी पेशी हा रेणू लाटा-लाटांनी सोडतात आणि शेजारणी त्या दिशेनं सरकतात. या हाकेत कोण कुठल्या घरातलं याची काहीच खूण नाही. दादरला इंडिकेटर बदलला की अख्खा प्लॅटफॉर्म एकाच दिशेनं पळतो, तसं. त्या गर्दीत खांद्याला खांदा लागलेला माणूस तुमच्या ग्रुपचा असतो असं नाही. ग्रुप जमतो तो डब्यात शिरल्यावर, चेहरे दिसल्यावर. तुमच्या प्लेटवर आठव्या तासाला प्लॅटफॉर्म होता, तेराव्या तासाला डबा. (इथेच ही उपमा सोडते. लोकलमध्ये निदान कोणी देठ व्हायला मरत नाही. म्हणजे, सहसा.)

चिकटण्याकडे वळू. नवशिक्यांचा गोंधळ इथे होतो, कारण पुस्तकात ‘आसंजन प्रथिन’ असा एकच शब्द येतो आणि डोळ्यांसमोर फेविकॉलची एक बाटली येते. या अमीबाकडे बाटल्या निदान तीन आहेत, वेगवेगळ्या वेळी उघडणाऱ्या आणि वेगवेगळ्या तऱ्हेनं चिकटवणाऱ्या.

पहिली डीडीकॅड-१. चोवीस किलोडाल्टनचं लहानसं प्रथिन, उपासमार सुरू झाल्यावर लवकरच पेशीच्या पृष्ठभागावर येणारं. त्याची गंमत अशी की त्याला पटलात रोवायला दांडाच नाही. पेशी जादा पाणी बाहेर टाकायला जी आकुंचनशील पोकळी वापरते, तिच्या वाटेनं ते बाहेर येतं. ते कॅल्शियमवर चालतं. कॅल्शियम काढून घेतलं की पकड सुटते.

दुसरी सीएसए, म्हणजे जुन्या पेपरांतलं जीपी८०. पेशी प्रवाहांच्या रूपात ढिगाकडे सरकतात त्या सुमारास हे भरपूर येतं. याला कॅल्शियम लागत नाही, त्यामुळे ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घातलं तरी पकड टिकते. जर्मनीत गुंथर गेरिश यांच्या गटानं सत्तरच्या दशकात हे शोधलं. ती युक्ती मला आजही शिकवायला आवडते. त्यांनी पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांचे एक-हाती तुकडे केले. अख्ख्या प्रतिपिंडाला दोन हात असतात, तो स्वतःच दोन पेशी जोडून बसेल आणि प्रयोगाचं वाटोळं करेल. एकाच हाताचा तुकडा फक्त जागा अडवतो. कुठले तुकडे घातले की पेशी चिकटायच्या थांबतात ते बघत बघत चिकटण्याची जागा हाती लागली. नाव दिलं ‘काँटॅक्ट साइट ए’, म्हणून सीएसए.

तिसरी टायगर कुटुंबातली: टीजीआर-बी१ आणि टीजीआर-सी१. या ढीग घट्ट होताना येतात आणि यांनाही ईडीटीएची फिकीर नसते. नाव ऐकून हुरळू नका. वाघाशी काही संबंध नाही, प्रथिनाच्या भागांच्या लांबलचक इंग्रजी नावांची आद्याक्षरं जोडून कोणीतरी हौस भागवली आहे.

आता तुमचा प्रश्न: सारखी-सारखी, की वेगळी-वेगळी? उत्तर बाटलीप्रमाणे बदलतं. सीएसए हे सारखं-सारखं. या पेशीवरचं सीएसए समोरच्या पेशीवरच्या सीएसएलाच धरतं. टोरांटोच्या सिऊ यांच्या गटानं ही पकड त्या प्रथिनातल्या आठ अमिनो आम्लांच्या एका छोट्या पट्ट्यापर्यंत नेऊन ठेवली. पकड किती जोराची? सन २००० मध्ये दोन जिवंत पेशी एकमेकींना क्षणभर टेकवून हळूच ओढून बघितलं, तेव्हा एका सीएसए-जोडीला तोडायला सुमारे २३ पिकोन्यूटन लागले. म्हणजे एक जोडी नगण्यच. पण एका पेशीवर अशी हजारो. वेल्क्रोचा एक आकडा कोणीही सोडवेल, पट्टी सोडवायला मात्र जोर लागतो.

यावरून एक गोष्ट लगेच दिसते. सारखं-सारख्याला धरणारं प्रथिन जर दोन्ही स्ट्रेनमध्ये जवळपास सारखंच असेल, तर ते लाल पेशीला लाल आणि हिरवी यांतला फरक सांगूच शकणार नाही. ते फक्त ‘सीएसए आहे की नाही, किती आहे’ एवढंच सांगतं. गोंद आहे, ओळखपत्र नाही.

टायगरची गोष्ट वेगळी. इथे बी१ समोरच्या पेशीवरच्या सी१ला धरतं. दोन वेगळी प्रथिनं. आणि दोन्हींचे पेशीबाहेरचे भाग स्ट्रेनगणिक खूप बदलतात. बी१च्या प्रत्येक आवृत्तीला तिच्याच स्ट्रेनमधली सी१ची आवृत्ती जमते, दुसऱ्या स्ट्रेनची बहुधा जमत नाही. दोन्ही जनुकं गुणसूत्रावर अगदी शेजारी-शेजारी, पाठीला पाठ लावून आहेत. हे योगायोगानं झालेलं नसावं असं मला नेहमी वाटत आलंय. कुलूप आणि त्याची किल्ली वेगवेगळ्या घरांत वाटली जाऊ नयेत, तर एकाच पेटीत ठेवणं बरं. दूर असती तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या अदलाबदलीत जोड्या फुटल्या असत्या.

विद्यार्थ्यांना सांगताना मी गोत्राचं उदाहरण देते, उलटं करून. आपल्याकडे स्थळ बघताना गोत्र विचारतात ते एक नसावं म्हणून. या अमीबांच्या घरी गोत्र विचारतात ते एकच असावं म्हणून. सगोत्र असेल तरच जुळलं.

आता पेन घेऊन एक चित्र काढा, कारण हे शब्दांत घोळतं. दोन पेशी शेजारी काढा. प्रत्येकीवर एक बी१ आणि एक सी१. डावीचं बी१ उजवीच्या सी१कडे, उजवीचं बी१ डावीच्या सी१कडे. म्हणजे प्रत्येक शेजारात दोन पूल, येणारा आणि जाणारा. दोन्ही पेशी एकाच स्ट्रेनच्या असतील तर दोन्ही पूल बांधले जातात. वेगळ्या स्ट्रेनच्या असतील आणि आवृत्त्या जुळत नसतील, तर दोन्ही कोसळतात. लाल-लाल घट्ट, हिरवी-हिरवी घट्ट, लाल-हिरवी सैल. एवढं चित्र कळलं की तुमच्या प्लेटवर काय झालं ते निम्मं कळलं.

याचा पुरावा कसा मिळाला ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण प्रयोगाची आखणी सुंदर आहे. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या शौल्स्की आणि कुस्पा यांच्या गटानं २००९ मध्ये दाखवलं की ही बहुरूपी जनुकं आप्त ओळखण्याशी जोडलेली आहेत. पण त्यावर कोणीही म्हणू शकलं असतं की दोन रानटी स्ट्रेनमध्ये हजारो फरक असतात, तुम्ही नेमकं यांनाच का धरता? म्हणून २०११ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेतल्याच स्ट्रेनमधली बी१-सी१ची जोडी काढली आणि तिथे रानटी स्ट्रेनची जोडी बसवली. बाकी सगळा जीनोम तोच. या पेशी आपल्याच जन्मदात्या स्ट्रेनपासून फुटून निघाल्या आणि ज्यांच्याकडे ती नवी जोडी होती त्यांच्यात मिसळल्या. आडनाव बदललं आणि घर बदललं. बी१ एकीचं आणि सी१ दुसरीचं अशी न जुळणारी जोडी एकाच पेशीत घातली, तर बिचारीची वाढच पुढे सरकत नव्हती.

त्याच कामात आणखी एक वाक्य आहे, तुमच्या गाइडना दाखवण्यासारखं. ही ओळख घडते ती चिकटण्यातल्या फरकातूनच. म्हणून मी म्हटलं, दोघेही अर्धे बरोबर. ‘चिकटपणातला फरक’ आणि ‘ओळख’ हे दोन पर्याय नाहीत. ओळख हे कारण, चिकटपणातला फरक हा तिचा मार्ग.

फक्त, गाइडनी चिकटपणातला कुठला फरक धरला आहे ते महत्त्वाचं. माल्कम स्टाइनबर्ग यांनी साठच्या दशकात यावर विचार मांडला, तो अजून उपयोगी पडतो. दोन प्रकारच्या पेशी मिसळल्या तर तीन पकडी मोजाव्या लागतात: लाल-लाल, हिरवी-हिरवी, आणि लाल-हिरवी. समजा लाल फक्त जास्त चिकट आहेत, हिरव्या कमी, आणि लाल-हिरवी पकड या दोन्हींच्या मधे कुठेतरी, पण त्यांच्या सरासरीपेक्षा कमी. मग जास्त चिकट आत गोळा होतात आणि कमी चिकट त्यांच्याभोवती पांघरुणासारख्या पसरतात. पुरणाच्या पोळीत पुरण आत राहतं तसं. पण लाल-हिरवी पकड जर दोन्ही स्वतःच्या पकडींपेक्षा कमी असेल, तर पांघरूणही होत नाही. दोघी बाजूला सरकतात आणि आपापले गोळे करतात.

तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय, ‘लाल एकीकडे, हिरव्या दुसरीकडे’. आत-बाहेर असं लिहिलेलं नाही. ते जर नेमकं निरीक्षण असेल, तर नुसता कमी-जास्त चिकटपणा त्याला पुरत नाही. तिथे लाल-हिरवी पकड खास कमकुवत असावी लागते, आणि ते टायगरच्या वागण्याशी जुळतं. पण बघा, हे तुमच्या एका क्रियाविशेषणावर उभं आहे. म्हणून परत मायक्रोस्कोपखाली बसा आणि ढीग वरून बघण्याबरोबर शक्य असेल तर थर-थर करून बघा. वरून ‘शेजारी’ दिसणारी गोष्ट आतून ‘पोटात’ निघू शकते.

सिनियरची बाजू थोडी वाढवते, कारण त्याच्याही वाक्यात एक उणीव आहे. टायगर नुसती वेल्क्रो नाही. बी१ हे ग्राही आहे, सी१ त्याचा संदेश. समजा बी१ कान आणि सी१ तोंड. शेजारणीचं सी१ माझ्या बी१ला लागलं की माझ्या बी१च्या पेशीच्या आतल्या शेपटीला फॉस्फेट लागतो, आणि मग ‘आजूबाजूला आपलेच आहेत, पुढे चला’ असा निरोप आत जातो. ज्या पेशीचा कान नाही तिला निरोप कळत नाही, शेजारी कितीही बोलू देत. ज्या पेशीचं तोंड नाही ती मात्र शेजाऱ्यांचं ऐकू शकते, तिच्या मुकेपणाचं नुकसान शेजाऱ्यांना होतं. हे काम २०१७ सालचं. म्हणून बी१ किंवा सी१चे नॉकआउट (ते जनुक मोडून टाकलेल्या पेशी) घेऊन ‘चिकटणं कमी झालं म्हणून वाढ थांबली’ असं लिहू नका. वाढ का थांबली, सुटल्यामुळे की न ऐकल्यामुळे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

इथवरचं एका दमात: हाक सगळ्यांना सारखी, म्हणून आधी मिसळल्या, डीडीकॅड आणि सीएसए हा साधारण गोंद, टायगरची जोडी बी१-सी१ अशी आडवी-तिडवी आणि आवृत्तीनुसार, ती उशिरा येते, म्हणून फूट उशिरा पडली.

आता ते, जे परिस्थितीवर अवलंबून आहे. खरं सांगायचं तर मी तुमच्या जागी असते तर टायगरचं नाव घेण्याआधी पुढच्या तीन रात्री इथेच घालवल्या असत्या.

सगळ्यात आधी रंग. तुमची लाल स्ट्रेन जनुकातून रंगलेली आणि हिरवी डायनं. म्हणजे तुम्ही दोन स्ट्रेनची तुलना करताना दोन रंगवण्याच्या पद्धतींचीही तुलना करताय. डाय लावताना पेशी जास्त वेळ बफरमध्ये राहिल्या, जास्त वेळा सेंट्रिफ्यूज झाल्या, थोड्या दुखावल्या. लाल एएक्स४ आणि डाय लावलेल्या साध्या एएक्स४ मिसळून बघा. त्या शेवटपर्यंत मिसळलेल्या राहिल्या पाहिजेत. वेगळ्या झाल्या तर बाकी सगळं बाजूला ठेवा. हा कंट्रोल पोस्टमध्ये कुठे दिसला नाही. केला असेल तर माफ करा, केला नसेल तर आजच करा.

मग खाणं. रानटी स्ट्रेन जिवाणूंवर वाढवतात, एएक्स४ बाटलीतल्या द्रवात वाढते. जिवाणू नीट धुतले गेले नाहीत तर रानटी पेशींची उपासमार तासा-दोन तासांनी उशिरा सुरू होते आणि त्या मागे पडतात. शिवाय द्रवात ग्लुकोज होतं की नव्हतं यानंही पेशीचं नशीब बदलतं. ग्लुकोजवर पोसलेल्या पेशी ग्लुकोजविना वाढलेल्यांसोबत मिसळल्या तर बीजाणूंकडे झुकतात, हे सत्तरच्या दशकापासून माहीत आहे. मी स्वतः यात एकदा पुरती फसले. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी दोन म्युटंट वेगळे होताना बघून मला वाटलं, काहीतरी मोठं हाती लागलं. महिनाभर फोटो काढले. सुंदर आलेख केले. ग्रुप मीटिंगमध्ये एका ज्युनियरनं भाबडेपणानं विचारलं, ‘ताई, दोन्हींचं मीडियम एकाच बॅचचं होतं ना?’ नव्हतं. एका बाटलीत ग्लुकोज कमी पडलं होतं, ते मीच बनवलं होतं. तो आलेख अजून माझ्या खणात आहे. नव्या मुलांना दाखवते.

तापमान. डिक्टिओस्टेलियम २२ अंशांना सुखी असतो, २७च्या पुढे गेलं की त्याचं बिनसतं. आपल्या मुंबईत ही गंमत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात खोलीचं एसी रात्री बंद करणाऱ्या सज्जनामुळे माझ्या प्लेट किती वेळा सपाट राहिल्या, याची गणती नाही. वाढ मंदावली की लाल आणि हिरव्या वेगवेगळ्या वेगानं मंदावतात आणि ती तफावत तुम्ही ‘वेगळं होणं’ म्हणून वाचता. इन्क्युबेटरच्या आत एक साधा कमाल-किमान थर्मामीटर ठेवा. डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका.

आणि पृष्ठभाग. याचं एक उदाहरण असं आहे की मी ते कधीच विसरत नाही. सीएसएचा नॉकआउट अगरवर जवळजवळ ठणठणीत वाढतो. नव्वदच्या दशकात लोक म्हणायला लागले होते, मग हे प्रथिन कशाला? मग साल्व्हातोरे बोझारो यांच्या गटानं १९९८ मध्ये त्याच पेशी मातीवर वाढवल्या, आणि तिथे नॉकआउट लगेच मागे पडला. माती खडबडीत, पेशी दूर दूर, तिथे गोंद जास्तच लागतो. पुढे २००३ मध्ये क्वेलर आणि सहकाऱ्यांनी मूळ स्ट्रेन आणि नॉकआउट मिसळून दाखवलं की अगरवर कमी चिकट नॉकआउट मागे सरकून बीजाणूंत जास्त जागा पटकावतात, फुकटात. मातीवर मात्र सीएसएवाल्या पेशी एकमेकींना धरून ढिगात ओढतात आणि नॉकआउट बाहेरच राहतात. तेच दोन जनुकप्रकार, पृष्ठभाग बदलला, आणि जिंकणारा बदलला. इथे आपल्याला तो मरणाचा हिशेब आठवायला हवा. देठात जाणं म्हणजे मरण, त्यामुळे शेजारी कोण आहे हे पेशीसाठी जीवन-मरणाचं आहे. आणि २०१३ मध्ये शौल्स्की यांच्या गटानं दाखवलं की टायगरवर आधारित ओळख फुकट्यांपासून खरोखर संरक्षण देते.

म्हणून तुमच्या अहवालात ‘अगरवर’ हा शब्द ठळक लिहा.

एक शेवटची अट, वेळेची. ही फूट कायमची नसते. न जुळणाऱ्या स्ट्रेन ढिगात वेगळ्या होतात, पण पुढे स्लगच्या अवस्थेत ओळख सैल पडते आणि त्या पुन्हा काही प्रमाणात एकत्र काम करतात. तुम्ही जर फक्त चोवीस तासांनी, देठ-बीजाणू बघून, ‘मिसळलेल्याच होत्या’ असं लिहिलं असतं तर चूक झाली असती. आणि फक्त तेराव्या तासाला बघून ‘कधीच मिसळत नाहीत’ लिहिलं तरी चूकच. रानातही हे असंच सैल असतं. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या विद्यानंद नंजुंदय्या यांच्या गटानं मुदुमलाईच्या जंगलातून गोळा केलेल्या स्लाइम मोल्डच्या समूहांत एकाहून अधिक क्लोन, म्हणजे जनुकांनी वेगळे वंश, एकत्र सापडले होते. ओळख असते म्हणून भिंत असतेच असं नाही. आपल्या जुन्या चाळीत होतंच की: कोणाचं कोण हे सगळ्यांना पाठ, आणि तरी गॅलरी एकच.

मग करायचं काय? कमी खर्चाचं आधी.

रंगाचा कंट्रोल वर सांगितलाच. दुसरा प्रयोग अगदी गावठी, पण मला तोच सगळ्यात आवडतो. प्रत्येक स्ट्रेन स्वतंत्रपणे बफरमध्ये, शेकरवर, मिलिलिटरला एक कोटी पेशी या घनतेनं उपाशी ठेवा आणि दर सहा मिनिटांनी सायक्लिक एएमपीचा छोटा डोस द्या. अगरवरच्या वेळेवर भिस्त ठेवू नका, ढवळलेल्या द्रवात चाल वेगळी असते, म्हणून नमुने दोन-दोन तासांनी घ्या. पेशी पिपेटनं सुट्या करा, १० मिलीमोलर ईडीटीए घालून पुन्हा हलू द्या आणि हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या काचपट्टीवर) किती सुट्या राहिल्या ते मोजा. डीडीकॅड ईडीटीएनं बाद झालेलं असतं, त्यामुळे उरलेली पकड ही सीएसएची आणि नंतर टायगरची. मग दोन रंग मिसळून तेच करा आणि गोळ्यांमध्ये लाल-लाल, हिरवी-हिरवी, लाल-हिरवी शेजारं मोजा. स्टाइनबर्गच्या तीन पकडींचा हा गरिबाघरचा अंदाज. मोजताना कुठली बाटली कुठली हे दुसऱ्या कोणाला तरी लपवायला सांगा. ज्याला उत्तर माहीत असतं त्याचे डोळे खोटं बोलतात, मी माझेच पकडलेत.

तिसरं, रानटी स्ट्रेनच्या बी१ आणि सी१चे बाहेरचे भाग पीसीआरनं काढून सिक्वेन्सिंगला पाठवा. हे आता फार महाग राहिलेलं नाही. एएक्स४शी तुलना करा. आवृत्त्या एकसारख्या निघाल्या आणि तरी पेशी वेगळ्या होत असतील, तर सिनियरला चहा पाजायला लावा आणि गाइडच्या बाजूनं विचार सुरू करा. खूप वेगळ्या निघाल्या तर तो चांगला संकेत, पण सिद्धता नव्हे. सिद्धतेला ती जोडी बदललेली स्ट्रेन लागते आणि एमएस्सीच्या सहा महिन्यांत ती बनवायला बसू नका. आधीच बनलेली मिळते का ते गाइडना विचारा, स्टॉक सेंटरमधून, म्हणजे स्ट्रेन जपून ठेवणाऱ्या केंद्रातून, मागवता येतात.

पोस्टसोबतच्या फोटोत वेळ लिहिलेली नाही आणि दोन्ही रंग एकाच चित्रात मिसळले आहेत. पुढच्या वेळी आठ, दहा, बारा, चौदा आणि अठराव्या तासाचे, लाल वेगळा, हिरवा वेगळा, असे टाका. त्यात बारा ते चौदाच्या मधलं जे घडतंय ते बघायला मलाही आवडेल.